तोफ वाचायची कशी? जलदुर्गावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यावर चढवलेल्या दोन तोफा आहेत. तिथे येणारा प्रत्येक जण त्यांच्याजवळ फोटो काढतो. काही वर्षांपूर्वी भाच्यांना घेऊन गेलो होतो. एका तोफेवर हात ठेवून कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराची गोष्ट अगदी रंगात येऊन सांगत होतो. मोठी दोघं ऐकत होती, धाकटा मात्र वाकून तोफेवरची अक्षरं लावत बसला होता. "मामा, यावर यॉर्कशायर लिहिलंय. आणि साल १८४९."

कान्होजी वारले १७२९ मध्ये. आंग्र्यांचं कुलाबा संस्थानही कंपनी सरकारने १८४० मध्ये खालसा केलं. म्हणजे मी जिच्या जोरावर इंग्रजांना पळवून लावत होतो ती तोफ इंग्रजांचीच निघाली, आणि तीही सगळं संपल्यानंतर ओतलेली. मुलं परतीच्या वाटेवर अलिबाग येईपर्यंत हसत होती.

तेव्हापासून माझी रीत बदलली. तोफ कुणाची हे आधी ठरवायचं नाही, वाटाड्याला विचारायचं नाही, फलकही शेवटी वाचायचा. आधी तोफच वाचायची. तिच्या अंगावर बरंच काही लिहिलेलं असतं, आणि जे लिहिलेलं नसतं ते मोजून काढता येतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने कुठून बघायला घ्यावं ते क्रमाने सांगतो. जलदुर्गावरच्या तोफा जहाजांपासून वेगळ्या काढता येत नाहीत, म्हणून थोडं जहाजाचंही सांगणार आहे.

निघण्याआधी

पिशवीत चारच वस्तू हव्यात. शिंप्याची कापडी टेप (लोखंडी टेप गोल अंगाला वळत नाही), दोरा बांधलेलं छोटं लोहचुंबक, टॉर्च आणि वही-पेन्सिल. खडू नेऊ नका. अक्षरं उठून दिसावीत म्हणून लोक खडू घासतात, आणि तो पुढे दोन पावसाळे तरी तिथेच राहतो. त्यापेक्षा टॉर्च तोफेच्या अंगाला टेकवून आडवा धरा. तिरप्या उजेडात बुजलेली अक्षरं सावलीने वर येतात. सकाळी आठच्या आत किंवा उन्हं कलल्यावर गेलात तर हे काम सूर्यच करतो. भर दुपारी तीच तोफ कोरी करकरीत दिसते.

कुलाब्याला ओहोटीत चालत जाता येतं, त्यामुळे भरतीचं गणित यायला हवं. कोकणातला जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि त्याआधी सहा तास, नऊच्या सुमारास, पूर्ण सुकती. शुक्ल पक्ष असो वा वद्य, हिशेब एकच. अष्टमीला सहाला भरती आणि बाराला सुकती येते खरी, पण ते भांगाचे दिवस, पाणी फारसं हटत नाही. माझ्या मते तृतीया-चतुर्थीची सकाळ सगळ्यात सोयीची: पाणी चांगलं मागे गेलेलं असतं आणि उजेडही तिरपा असतो. हा हिशेब अंदाजाचा आहे, तेव्हा मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक बघाच आणि परत कधी फिरायचं ते किनाऱ्यावरच्या माणसाला विचारून ठेवा. जंजिऱ्याला राजपुरीहून आणि सिंधुदुर्गाला मालवणहून होडीने जावं लागतं. विजयदुर्गाच्या दारापर्यंत गाडी जाते. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

पायरी पहिली: धातू

चुंबक अलगद लावा. चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं, आणि रंग हिरवट-तपकिरी, अंग गुळगुळीत असेल तर कासं, म्हणजे तांबं-कथील. आपल्याकडे लोखंडी नसलेल्या, आणि कधी कधी असलेल्याही, प्रत्येक तोफेला 'पंचधातू' म्हणून टाकायची सवय आहे. जंजिऱ्याच्या कलालबांगडीबद्दल तर ती पंचधातूची आहे, उन्हात तापत नाही, असं हमखास सांगतात. चुंबक तुमच्या हातात आहे, दुपारचं ऊन डोक्यावर आहे. बघा काय होतं ते.

लोखंड निघालं तर ते ओतीव की घडीव ते बघायचं. ओतीव तोफ एकसंध असते, अंगावर नक्षीसारखे उठावाचे कडे असतात आणि ते सारख्या जाडीचे, आखीव असतात. घडीव तोफ वेगळ्याच तऱ्हेने बनते. लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांसारख्या गोलाकार जुळवायच्या आणि वरून तापवलेली कडी एकापुढे एक चढवायची. थंड झालं की कडं आवळतं. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना आणखी काही सांगायला नको. अशा तोफेवर कड्यांचे सांधे स्पष्ट दिसतात, आणि तोंडात टॉर्च मारला तर कधी कधी आतल्या पट्ट्यांच्या रेघाही. ही कारागिरी हिंदुस्थानात फार वरच्या दर्जाला पोचली होती. आखीव ओतीव तोफ दिसली की मात्र आधी परदेशी कारखान्याचा संशय घ्यावा.

काशाच्या तोफा कमी दिसतात याचं साधं कारण पैसा. कासं महाग, शिवाय वितळवून पुन्हा वापरता येतं. ज्याच्या हाती लागलं त्याने ते वितळवलं. विजापूरची मलिक-ए-मैदान वाचली हे नशीबच. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. तिचं तोंड म्हणजे जबडा वासलेलं श्वापद आहे आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडला जातोय. नगरकरांनी विजापूरला गेल्यावर आपल्या गावची पाहुणी म्हणून तिला भेटायला हरकत नाही.

पायरी दुसरी: अंग

तोफेभोवती एक पूर्ण फेरी मारा. पुढे तोंड, तोंडापाशी किंचित फुगवटा. मागे जाड होत गेलेलं बूड, कारण दारूचा भडका तिथेच उडतो, आणि बुडाच्या टोकाला बोंडासारखा गोळा. साधारण मध्याच्या थोडं मागे दोन्ही बाजूंना आडवे आलेले दोन खुंट. तोफेचं सगळं वजन गाड्यावर या दोन खुंटांवर तोललेलं असतं, आणि त्यांच्यावरच ती वरखाली झुलते. खुंट तुटलेले असतील तर ती झीज समजू नका. किल्ला घेतल्यावर तोफ कायमची निकामी करण्याची ही ठरलेली रीत होती.

बुडावर, वरच्या बाजूला, करंगळीही जाणार नाही असं एक भोक असतं. तो काना. त्यात रंजक, म्हणजे बारीक दारू, भरायची आणि तिला बत्ती द्यायची. रंजक पेटून आतल्या दारूला ठिणगी पोचते. घाईने माघार घ्यायची वेळ आली तर गोलंदाज कान्यात पोलादी मेख ठोकून तिचं डोकं मोडून टाकत. शत्रूच्या हाती तोफ लागली तरी ती उडत नसे. एखाद्या कामात कुणी 'मेख मारून ठेवली' असं आपण म्हणतो तेव्हा ही कान्यातली मेख डोळ्यासमोर आणा, म्हणजे वैताग नेमका कसला ते कळेल. तेव्हा फेरीत कान्याकडे जरा जास्त वेळ थांबा. मोकळा आहे, गंजाने बुजलाय, की मुद्दाम ठोकलाय? टॉर्चच्या उजेडात ठोकलेल्या लोखंडाचा गोल ठिपका वेगळा कळतो.

कान्यात काडी, खिळा, फटाका काहीही घालू नका. जुनी तोफ भरलेली राहिलेली असू शकते. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

पायरी तिसरी: अक्षरं

इथे घाई करायची नाही. अक्षरं चार ठिकाणी शोधायची: वरच्या पाठीवर, बुडाच्या कड्यावर, कान्याजवळ, आणि खुंटांच्या सपाट टोकांवर. खुंटांची टोकं कुणीच बघत नाही, म्हणून ती बरेचदा सगळ्यात चांगली राहिलेली असतात. कारखान्याचं नाव, तोफेचा क्रमांक किंवा साल तिथे सापडतं. कुलाब्याच्या तोफांवरचा मजकूर असा: 'डाउसन हार्डी फील्ड, लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड'. लो मूर हा ब्रॅडफर्डजवळचा लोखंडाचा कारखाना. खुंटावर नुसतं 'एफ' दिसलं तर स्वीडनच्या फिन्सपाँगचा विचार करा. तिथल्या तोफा युरोपभर विकल्या जात आणि मग कुणाच्याही जहाजावर बसून कुठेही जात.

पाठीवर राजचिन्ह असतं. मुकुटाखाली 'जीआर' म्हणजे जॉर्ज नावाचा इंग्लंडचा राजा. तीन रेघांचा, टोक वर असलेला बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण. बदामाचा आकार, त्यात अक्षरं आणि वर इंग्रजी चारसारखी आकृती असेल तर ईस्ट इंडिया कंपनी. मोठा 'व्ही', त्याच्या एका पायावर 'ओ' आणि दुसऱ्यावर 'सी' अशी गुंफण असेल तर डच कंपनी, आणि त्याच्यावर 'ए' असेल तर त्या कंपनीची ॲमस्टरडॅमची शाखा. ढालीत पाच छोट्या ढाली आणि प्रत्येकीत ठिपके दिसले तर पोर्तुगीज. गोव्यात आणि वसई-चौलच्या बाजूला ही ढाल दारांवर, थडग्यांवर, सगळीकडे भेटते, तेव्हा ती एकदा डोळ्यात बसली की विसरत नाही.

आता एक गंमत, जी कळली तेव्हा मी तासभर तिथून हललो नव्हतो. इंग्रजी तोफेच्या बुडाजवळ कधी कधी तीन आकडे ओळीने कोरलेले असतात, मध्ये आडव्या रेघा. समजा २२-१-१४. ही तारीख नव्हे. (मी पहिल्यांदा तारीखच समजलो होतो आणि सालाचा घोळ सोडवत बसलो होतो.) हे वजन आहे. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या पावाचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. हिशेब करा: २२ गुणिले ११२ झाले २४६४, अधिक २८, अधिक १४, एकूण २५०६ पौंड. किलोत साधारण ११३७. वाचलेले आकडे बरोबर आहेत का ते पडताळायची सोपी खूण अशी: मधला आकडा तीनच्या वर जाऊ शकत नाही आणि शेवटचा सत्तावीसच्या वर. तसं दिसलं तर तुमची काहीतरी वाचायची चूक होतेय. टॉर्च दुसऱ्या बाजूने धरा.

परदेशी अक्षरं दिसली म्हणून तोफ आपल्या लोकांनी वापरली नाही असंही नाही. मराठी आरमार समुद्रावर जहाजं पकडत होतं, आणि पकडलेल्या जहाजाबरोबर तोफा आपसूक येत. १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांनी 'डर्बी' हे कंपनीचं मोठं व्यापारी जहाज धरलं, ते तोफांसकट. शिवाय तोफा विकतही घेतल्या जात. म्हणून अक्षरांवरून तोफ कुठे ओतली ते ठरतं, तिने कुणासाठी बार उडवला ते ठरत नाही. साल मात्र दगा देत नाही. ज्या सालाआधी तोफ जन्मलीच नाही त्या सालची लढाई तिच्या नावावर घालता येत नाही. माझं कुलाब्याला तेच झालं होतं.

पायरी चौथी: तोंड मोजा, मग पोट

तोफेला नाव गोळ्याच्या वजनावरून पडतं: सहा पौंडी, नऊ पौंडी. गोळा हाताशी नसला तरी तोंडाच्या आतला व्यास मोजून त्याचा अंदाज येतो. इंग्रजी तोफांसाठी मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेले आकडे हे:

४ पौंडी: सुमारे ८ सेंमी
६ पौंडी: सुमारे ९.३ सेंमी
९ पौंडी: सुमारे १०.७ सेंमी
१२ पौंडी: सुमारे ११.७ सेंमी
१८ पौंडी: सुमारे १३.४ सेंमी
२४ पौंडी: सुमारे १४.८ सेंमी
३२ पौंडी: सुमारे १६.३ सेंमी

गोळा नळीपेक्षा थोडा लहानच ठेवत, नाहीतर गंजलेल्या किंवा काजळी धरलेल्या नळीत तो अडकायचा. गंजाने तोंड खाल्लेलं असतं, म्हणून अर्ध्या सेंटिमीटरचा फरक सोडून द्या आणि कडेला न मोजता चार बोटं आत मोजा. आत हात घालण्याआधी टॉर्च मारा. मला तिथे एकदा विंचू भेटलाय.

वजनाचा अंदाजही करता येतो आणि फलकावरच्या टनांची परीक्षा घ्यायला तो फार उपयोगी पडतो. तोफेचा घेर तीन ठिकाणी मोजा: बूड, मध्य, तोंडामागे. त्यांची सरासरी काढा. समजा ती एक मीटर आली. ३.१४ ने भागलं की व्यास ३२ सेंमी. त्या वर्तुळाच्या क्षेत्रफळातून नळीच्या भोकाचं (नऊ पौंडी धरली तर १०.७ सेंमी व्यासाचं) वजा केलं की उरतात साधारण ७१४ चौरस सेंमी. लांबी २.३ मीटर असेल तर घनफळ १ लाख ६४ हजार घन सेंमी. ओतीव लोखंड घन सेंटिमीटरला ७.२ ग्रॅम. उत्तर ११८० किलोच्या आसपास. वर कोरलेल्या आकड्यांतून ११३७ आले होते, म्हणजे टेप आणि छिन्नी एकमेकांच्या जवळ पोचले. आता एखाद्या पुरुषभर लांबीच्या तोफेला कुणी दहा टनांची म्हणाला, तर वाद घालू नका, टेप काढा.

पायरी पाचवी: गाडा

बहुतेक किल्ल्यांवर तोफा नुसत्या जमिनीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर पडलेल्या असतात. लाकडी गाडा कुजतो, वाळवी खाते, जळणाला जातो. लोखंड तेवढं राहतं. अलीकडे दुर्गप्रेमी मंडळींनी बऱ्याच ठिकाणी सागवानी गाडे करून तोफा वर उचलल्या आहेत. जमिनीची ओल सुटली हे चांगलंच झालं. पण सरसकट मोठाली आऱ्यांची चाकं लावतात ते मला खटकतं. तशी चाकं रणांगणावर बैल-घोड्यांनी ओढायच्या तोफेची. जहाजावरच्या तोफेचा गाडा बुटका असतो: दोन जाड बाजूच्या फळ्या, मागे पायऱ्या काढलेल्या, खाली चार लहान भरीव लाकडी चाकं, आणि दोर ओवायला कड्या.

असं का, हे कळायला जहाजाच्या आत उभं राहावं लागेल. तोफ भरायची तोंडाकडून. तोंड तर जहाजाच्या बाहेर, झरोक्यातून समुद्राकडे. मग भरायची कशी? ती आत ओढून घ्यावी लागते. आधी ओल्या बोळ्याने नळी पुसायची, म्हणजे मागच्या बाराची एखादी ठिणगी विझते. मग दारूची पिशवी, तिच्यावर बोळा, मग गोळा, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी सुंब्याने ठासायचं. मग चार-सहा जणांनी दोर ओढून गाडा पुढे न्यायचा, तोंड झरोक्याबाहेर काढायचं. मागच्या पायऱ्यांवर पहार टेकवून बूड उचलायचं आणि पाचर सरकवून नेम धरायचा. कान्यात रंजक, बत्ती, आणि बाजूला व्हायचं. बार उडाला की टनभर लोखंड मागे उसळतं. बुडाला वळसा घालून जहाजाच्या भिंतीला बांधलेला जाड दोर त्याला थोपवतो. तोफ आपोआप आत आलेली असते, पुन्हा भरायला तयार. हा दोर तुटला तर डोलत्या जहाजावर सुटलेली तोफ शत्रूपेक्षा वाईट.

म्हणून बुडाचा तो बोंडासारखा गोळा नीट बघा. त्याच्यावर आरपार कडं ओतलेलं असेल तर ते या दोरासाठी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या इंग्रजी तोफांवर असं कडं दिसतं. आणि आखूड, जाड तोंडाची, बाजूला खुंटच नसलेली पण पोटाखाली भोकाचा कान असलेली तोफ दिसली, तर ती कॅरोनेड. स्कॉटलंडच्या कॅरन कारखान्यात ती निघाली. वजनाला हलकी, गोळा भारी, पल्ला कमी. जहाजाला जहाज भिडल्यावर कामाची.

पायरी सहावी: जहाज, वाळूत काढून

तोफ कळली की ती बसायची कुठे ते बघायला हवं. आंग्र्यांच्या काळचं एकही जहाज आपल्या किनाऱ्यावर उभं नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गावर हल्ला झाला तेव्हा एक पेटता गोळा 'रेस्टोरेशन'वर पडला. हे मुळात कंपनीचंच जहाज, आंग्र्यांनी धरलेलं. त्याची आग शेजारच्या जहाजांना लागत गेली आणि आरमार बंदरातच जळालं. तेव्हा काडी घ्या आणि ओल्या वाळूत काढा.

आधी एक लांब रेघ ओढा. ती पठाण, जहाजाचा कणा. त्याच्यावर दोन्ही बाजूंना फासळ्या आणि फासळ्यांवर फळ्या. पुढचं टोक म्हणजे नाळ. मागे सुकाणू. मध्ये डोलकाठी, तिच्यावर तिरकी टांगलेली लांब काठी म्हणजे परबाण, आणि परबाणाला बांधलेलं तिकोनी शीड. एवढं झालं की गलबत तयार. मोठी डोलकाठी पुढे, मागे एक बारीक. शीड इतकं मोठं की चढवल्यावर त्याचं टोक डोलकाठीच्याही वर जातं. वजन सहसा ७० टनांच्या आत, आणि ४०-५० वल्ही. वारा पडला तरी वल्ह्यांवर तासाला चार मैल जायचं. लहान गलबतांवर बांबूच्या कामट्यांची तक्तपोशी, म्हणजे पायाखालची जमीन, असे. तिला मोठ्या तोफेचा धक्का सोसणार कसा? म्हणून कठड्यावर फिरत्या खुंटाच्या छोट्या तोफा, जंबुरे. मोठ्या गलबतांना पक्की तक्तपोशी आणि सहा-आठ तोफा, दोन ते चार पौंडी.

आता शेजारी गुराब काढा. ही रुंद, बसकी, पाणी थोडंच लागणारी. दोन डोलकाठ्यांची सुमारे १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. नाळ मात्र विलक्षण: पुढे चोचीसारखी लांब निघालेली, आणि तिला कठडे नाहीत. समोरच्या लाटेवर गुराब जोराने बुडी मारायची, नाळीवर पाणी चढायचं आणि दोन्ही बाजूंनी निघून जायचं. त्या नाळीच्या मागे लाकडी भिंत, भिंतीत दोन झरोके, आणि त्यांतून थेट पुढे रोखलेल्या दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडी. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी.

वाळूतलं हे चित्र नीट बघा, लढायची पद्धत त्यातच आहे. इंग्रजी जहाजाच्या तोफा बाजूंना, पिछाडीला फार थोड्या. गुराबीच्या भारी तोफा पुढे. मग शहाण्याने शत्रूच्या बाजूला जायचंच कशाला? मागून यायचं, दुरूनच शिडं आणि डोलकाठ्या फोडायच्या, आणि जहाज पांगळं झालं की गलबतांतून तलवारी घेतलेली माणसं चढवायची. वारा नसेल तर गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून नेत. आणि कमी पाण्याच्या खाडीत शिरलं की मागे कुणी येऊ शकत नसे. नऊ पौंडी तोफ, म्हणजे १०.७ सेंमीचं तोंड, जलदुर्गावर मापताना ही नाळ आठवा. चोवीस पौंडी निघाली तर ती गुराबीवरची असण्याची आशा सोडा. ती तटाची किंवा एखाद्या मोठ्या युरोपी लढाऊ जहाजाची.

प्रत्यक्ष शीड बघायचं असेल तर राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होडीने जा. बहुतेक लोक होडीत बसल्या बसल्या किल्ल्याचे फोटो काढतात. तुम्ही परबाणाकडे बघा, वारा कुठून येतोय ते बघा, आणि दिशा बदलताना होडीवाला शिडाचं काय करतो ते बघा. दोर कुठे बांधलाय, सुकाणूवरचा माणूस कधी ओरडतो, हे दहा मिनिटांत जेवढं कळतं तेवढं चार पुस्तकांत नाही कळत. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या नौकांच्या लहान प्रतिकृती आहेत. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाईच कोरलेली आहे, तोफा येण्याच्या कितीतरी आधीची. आणि कुणी नातेवाईक इंग्लंडात असतील तर त्यांना हार्टलपूलला पाठवा. तिथे 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज अजून पाण्यावर आहे. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, अस्सल सागाचं.

पाण्यातून वर आलेलं

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर दगडी नांगर सापडतात: उभा घडवलेला दगड, वरच्या टोकाला दोरासाठी गोल भोक, खाली एकमेकांना काटकोनात दोन चौकोनी भोकं. त्या भोकांत लाकडी दांडे घालत, ते तळाच्या वाळूत रुतत. गावात असा दगड पायरी म्हणून किंवा देवळासमोर रोवलेला दिसू शकतो. गोव्यात मुरगावजवळच्या सुंची रीफवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना फुटलेल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले, त्यांत तोफा होत्या आणि हस्तिदंतही.

मच्छीमाराच्या जाळ्यात तोफ आली तर पहिली चूक होते ती वाळवण्याची. शंभर-दोनशे वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेल्या लोखंडात मीठ मुरलेलं असतं. ते वाळलं की लोखंड पापुद्र्यांनी फुटायला लागतं. वरून अखंड दिसणारा थर नखाने खरवडता येईल इतका मऊ झालेला असतो, आणि सगळी अक्षरं त्याच थरात असतात. म्हणून घासू नका, तेल लावू नका, शेंदूर-रंग तर नकोच. ओल्या गोणपाटात गुंडाळा, पाण्याखाली ठेवता आली तर उत्तम, आणि कळवा. कायदाही तेच सांगतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. शंभर वर्षांहून जुनी तोफ १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. संरक्षित किल्ल्यावरची तोफ हलवणं, फिरवणं, 'जरा सरळ करून ठेवणं' हेही परवानगीशिवाय करायचं नाही.

वहीत प्रत्येक तोफेला एक पान द्या. किल्ला, बुरूज, तोंड कुठल्या दिशेला, धातू, लांबी, तीन घेर, तोंडाचा व्यास, खुंट कसे, काना कसा, अक्षरं जशी दिसली तशी, न दिसणाऱ्या अक्षराच्या जागी ठिपका. फोटो पाचच काढा पण ठरलेले: दोन्ही बाजू, तोंड, काना, खुंटाचं टोक. आणि टेप फोटोत येऊ द्या.

परत येताना धक्क्यावर थोडं थांबा. जुन्या बंदरांत निकामी तोफा उभ्या पुरून त्यांना जहाजं बांधायची पद्धत जगभर होती. तुमची होडी ज्या गंजक्या खांबाला बांधली आहे त्याचा घेर वर जाताना कमी होतोय का, अंगावर उठावाचे कडे आहेत का, जमिनीलगत एखादा खुंट डोकावतोय का, बघा. दिसलाच तर टेप काढण्याआधी होडीवाल्याला विचारा. दोर त्याचा आहे.